चिपळूणच्या पुरातील दोन गाड्या आणि दोन गॅरेज : चार वर्षांनंतरचा अभिप्राय

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले. त्या दिवशी आमच्या घरातील दोन गाड्या बुडाल्या. माझी सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक खेंड भागात, आमच्या घराजवळच्या चढावर उभी होती. धाकट्या भावाची पावणेतीन वर्षांची डिझेल गाडी चिंचनाक्याजवळ होती, कारण तो पहाटे दुकानातील माल वरच्या मजल्यावर हलवण्यासाठी गेला होता आणि नंतर त्याला गाडी बाहेर काढण्याइतकाही वेळ मिळाला नाही. माझी गाडी सावर्ड्याकडील एका लहान गॅरेजमध्ये दुरुस्त झाली, तर भावाची एका मोठ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये. तेव्हापासून चार वर्षे उलटली आहेत. गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी अभिप्राय लिहिला असता, तर मी सर्व्हिस सेंटरला पूर्ण गुण दिले असते, कारण भावाची गाडी शोरूममधून आणल्यासारखी चमकत होती. म्हणूनच पुराच्या गाडीबद्दलचा अभिप्राय किमान दोन पावसाळ्यांनंतर लिहावा, असे माझे मत झाले आहे.

सर्व्हिस सेंटरविषयी तक्रार आहे, म्हणून त्याचे नाव मी देत नाही. सावर्ड्याकडील गॅरेजचेही देत नाही, कारण तेथे एका वेळी तीनच गाड्या उभ्या राहतात आणि लांबून पुराच्या गाड्या येऊ लागल्या तर आपल्याला हातचे काम नीट करता येणार नाही, असे मिस्त्रींनी मला स्पष्ट सांगितले आहे.

पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी मी गाडीपाशी गेले तेव्हा चालकाच्या सीटची गादी अर्धी भिजलेली होती आणि दाराच्या आतल्या बाजूला, खिडकीच्या बटणांच्या चार बोटे खाली, गाळाची सरळ रेघ उमटली होती. चावी लावून एकदा पाहण्याचा मोह मला अनावर झाला होता. मिस्त्रींना फोन लागला हे माझे नशीबच, कारण त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे : "ताई, चावी लावू नका, नुसती लाइट लागते का तेसुद्धा बघू नका. दहाचा पाना असेल तर बॅटरीची काळी वायर सोडवा आणि दार उघडे ठेवा." या एका वाक्यामुळे माझे किती पैसे वाचले हे मला पुढे कळले. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर फिरवला, तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचे काम लाखाच्या घरात जाते. विम्याच्या दृष्टीनेही हा क्षण निर्णायक असतो. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान समाविष्ट असते, परंतु बुडालेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान हे परिणामी नुकसान मानले जाते आणि इंजिन प्रोटेक्ट हे वेगळे कलम घेतलेले नसेल तर कंपनी ते नाकारते. माझ्याकडे ते कलम नव्हते.

गाडी टोचन करून सावर्ड्याला नेण्यास 3,500 रुपये लागले. प्रमाणित पॉलिसीत खासगी मोटारीच्या टोचनासाठी 1,500 रुपयांची मर्यादा आहे, त्यामुळे उरलेले 2,000 मी भरले, आणि त्या दिवसांत टोचनाची गाडी मिळाली हेच पुष्कळ होते.

मिस्त्रींनी सर्वांत आधी खडूने दाराच्या आत, डॅशबोर्डच्या बाजूला आणि इंजिनाच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीच्या खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेचा फोटो मला काढायला लावला, कारण नुकसान तपासणारे विम्याचे सर्व्हेअर येईपर्यंत गाडी धुऊन झालेली असणार होती. त्यानंतर त्यांनी डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल स्वच्छ होते. चारही स्पार्क प्लग काढून त्यांनी क्रँकशाफ्ट पान्याने हातानेच दोनदा फिरवला, आणि प्लगच्या भोकांतून पाणी आले नाही तेव्हा इंजिन वाचले असल्याचे सांगितले. मात्र गिअरबॉक्सचा ड्रेन नट उघडला तेव्हा दुधाळ चहाच्या रंगाचे तेल बाहेर पडले. गिअरबॉक्सला हवा जाण्यासाठी वरच्या बाजूला एक लहान नळी असते आणि तिच्यातून पाणी आत शिरते, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथमच समजली. ते तेल त्यांनी दोनदा बदलले. पहिले तेल केवळ आतील भाग धुण्यासाठी होते, आणि शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर दुसरे भरले.

परंतु खरे काम इंजिनात नव्हतेच. मिस्त्रींनी चारही सीट, मधला कन्सोल आणि पूर्ण कार्पेट बाहेर काढले. कार्पेटखालचा फोम इतके पाणी धरून होता की तो उचलायला दोन माणसे लागली, आणि वरून हात लावला तर कार्पेट जवळजवळ कोरडे वाटत होते. त्या फोमखालून, चालकाच्या पायापासून मागच्या दिव्यांपर्यंत, वायरिंगची जाड जुडी जाते. तिच्यावरील प्रत्येक कनेक्टर त्यांनी सोडवला. प्रत्येकाचे स्क्रू आणि क्लिपा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत घालून डब्यांवर स्केचपेनने जागा लिहिली. चालकाच्या सीटखालचा एक कनेक्टर त्यांनी माझ्या हातावर ठेवला. आत भिजवलेल्या मेंदीसारखा मऊ गाळ भरला होता, आणि तो ब्रशने काढल्यावर तांब्याच्या दोन पिनांच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला. पूर ओसरून तेव्हा चारच दिवस झाले होते. "हा थर आत्ता पुसता येतो. पंधरा दिवसांनी तो पिन खातो, आणि मग सहा महिन्यांनी काच खाली होत नाही म्हणून तुम्ही माझ्याकडे येता," असे ते म्हणाले. स्वच्छ पाणी, नंतर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, नंतर ब्लोअरची हवा, अशा क्रमाने एकेक कनेक्टर साफ करण्यात त्यांचे आणि त्यांच्या मुलाचे पूर्ण तीन दिवस गेले. दोन जुड्या त्यांनी कापून नव्या जोडल्या. फोम वाळवून पुन्हा वापरण्यास त्यांनी नकार दिला, कारण फोमला एकदा गाळाचे पाणी लागले की वास जात नाही आणि ओल खालच्या पत्र्याला चिकटून राहते.

एकूण बिल 54,000 रुपये झाले. त्यात 14,000 मजुरीचे होते, उरलेले चाकांचे बेअरिंग, ब्रेक, स्टार्टर, अल्टरनेटर, तेले व फिल्टर, वायरिंग आणि नवे कार्पेट-फोम यांचे. टोचन धरून खर्च 57,500 रुपये. विमा कंपनीने त्यांपैकी 28,400 दिले, कारण गाडी पाच वर्षांहून जुनी असल्याने धातूच्या भागांवर 40 टक्के आणि रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, आणि माझी पॉलिसी झिरो डेप्रिसिएशनची, म्हणजे घसारा न कापणारी, नव्हती. सर्व्हेअर नवव्या दिवशी आले. खडूच्या खुणांचे फोटो पाहून त्यांनी पाण्याच्या पातळीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. थोडक्यात, 2,40,000 रुपये आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) असलेल्या गाडीसाठी माझ्या खिशातून 29,100 रुपये गेले. त्यानंतर चार वर्षांत ती गाडी साधारण 38,000 किलोमीटर चालली. पुराशी संबंध जोडता येईल असे एकच काम निघाले, मागच्या डाव्या चाकाचा बेअरिंग पुन्हा बदलावा लागला, आणि त्याची मजुरी मिस्त्रींनी घेतली नाही.

या यशाचे सगळे श्रेय मी गॅरेजला देणार नाही, कारण नशिबाचा वाटाही मोठा होता. पाणी सीटपर्यंतच आले होते, त्यामुळे डॅशबोर्डमागे उंचावर बसवलेला ईसीएम, म्हणजे इंजिनाचा मेंदू, कोरडा राहिला. शिवाय माझी 2015 ची गाडी साध्या मॉडेलची असल्याने तिच्यात एअरबॅग नव्हत्याच. चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांत 1 जुलै 2019 पासून बंधनकारक झाली, आणि ती चालवणारे मोड्यूल बहुतेक गाड्यांत दोन पुढच्या सीटांच्या मध्ये, कन्सोलखाली, अगदी जमिनीलगत असते. म्हणजे आज त्याच पातळीचे पाणी एखाद्या नव्या हॅचबॅकमध्ये शिरले, तर जीव वाचवणारी यंत्रणाच सर्वांत आधी भिजेल. सुरक्षिततेसाठी ती यंत्रणा हवीच, यात मला शंका नाही, परंतु पुराच्या दुरुस्तीचा हिशोब तिने बदलला आहे आणि जुन्या अनुभवावरून नव्या गाडीचा अंदाज बांधणे आता धोक्याचे आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा बुडालेल्या साध्या गाड्या धुऊन-पुसून वर्षानुवर्षे चालल्याचे आमच्या मुंबईच्या नातेवाइकांकडून आम्ही ऐकत आलो होतो, आणि भावाने आपल्या गाडीच्या दुरुस्तीला चटकन होकार दिला त्यामागे तो भरवसाही होता.

भावाच्या गाडीचे छप्पर तेवढे पाण्याबाहेर होते. स्टिअरिंग, डॅशबोर्ड, त्यावरील स्क्रीन, फ्यूज बॉक्स हे सर्व काही तास पाण्याखाली गेले. त्याच्याकडे झिरो डेप्रिसिएशन आणि इंजिन प्रोटेक्ट अशी दोन्ही कलमे होती, आयडीव्ही 7,20,000 रुपये होता, आणि म्हणूनच माझ्यापेक्षा तो निर्धास्त होता. गाडी सर्व्हिस सेंटरच्या आवारात पोहोचली तेव्हा तेथे गाळाने माखलेल्या चाळीसेक गाड्या रांगेत उभ्या होत्या. कर्मचारी रात्रीचा दिवस करत होते, त्यांतील काहींची स्वतःची घरे पाण्याखाली गेली होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरीही एवढ्या गाड्या स्वीकारल्यावर प्रत्येकीची बॅटरी सोडवणे आणि सीट बाहेर काढणे एवढे प्राथमिक काम पहिल्या दोन दिवसांत होणे आवश्यक होते. भावाच्या गाडीचे दार बारा दिवस बंद राहिले. ते उघडले तेव्हा सीटबेल्टच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी धरली होती आणि कनेक्टरांतील गाळ सुकून घट्ट झाला होता.

आता मुख्य तक्रारीकडे येते, कारण ज्यांची गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली आहे त्यांच्यासाठी तीच सर्वांत उपयोगी आहे. दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांहून अधिक असेल, तर गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस ठरते, म्हणजे दुरुस्तीऐवजी कंपनी आयडीव्हीच्या हिशोबाने पैसे देते. भावाच्या बाबतीत ही सीमा 5,40,000 रुपये होती. सर्व्हिस सेंटरचे पहिले अंदाजपत्रक 5,12,000 रुपयांचे आले. त्यात एअरबॅग मोड्यूल, मुख्य वायरिंग आणि डिझेलचा हाय-प्रेशर पंप या तिन्हींपुढे रकमेच्या जागी "उघडल्यावर तपासून ठरवू" असा शेरा होता. छपरापर्यंत बुडालेल्या गाडीत या तीन गोष्टी चांगल्या असण्याची शक्यता किती, हा प्रश्न सर्व्हेअरने विचारला नाही, सल्लागाराने सांगितला नाही, आणि आम्हाला तो विचारण्याचे ज्ञान नव्हते. भावाने सही केली. सप्टेंबरमध्ये, अर्धी गाडी जोडून झाल्यावर, पुरवणी अंदाजपत्रक आले आणि एकूण आकडा 5,96,000 रुपयांवर गेला. आता तर ही रक्कम 75 टक्क्यांच्या वर आहे असे भावाने सांगितले, तेव्हा भाग बसवून झाले असल्यामुळे आता मागे फिरता येणार नाही असे उत्तर मिळाले. कोणाच्या मनात काय होते हे मी ठरवू शकत नाही. अंदाजपत्रकातील रिकाम्या जागा भरायला लावल्या असत्या तर निर्णय वेगळा झाला असता, एवढे मात्र कागदावरूनच दिसते.

गाडी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, 14 ऑक्टोबरला, म्हणजे पुरानंतर 84 दिवसांनी मिळाली. पॉलिसीत न बसणाऱ्या वस्तूंचे 41,000 रुपये भावाने भरले. रंग, गाद्या, स्क्रीन सगळे नवे होते. डिसेंबरमध्ये मागची उजवी काच अडकली. जानेवारीत रात्री दोनच्या सुमारास हॉर्न आपोआप वाजू लागला आणि शेजारी उठून आले. मार्चमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागला तो लागलाच. प्रत्येक वेळी गाडी सर्व्हिस सेंटरला जाई, एखादा कनेक्टर किंवा स्विच बदलला जाई, आणि दोष "पुरानंतरचा" असल्याने वॉरंटी लागू नाही असे सांगून बिल हाती दिले जाई. जून 2022 च्या पहिल्या जोरदार सरीत परशुराम घाटाच्या चढावर, मागे ट्रक असताना, इंजिन बंद पडले. गाडीत माझी वहिनी आणि त्यांची सात वर्षांची मुलगी होती. त्या रात्री भावाने गाडी विकण्याचे ठरवले.

या आठ महिन्यांत दुरुस्तीवर आणखी 76,000 रुपये गेले होते. गाडी पुरातील असल्याचे त्याने घेणाऱ्या व्यापाऱ्याला लेखी दिले आणि त्याला 3,10,000 रुपये मिळाले. खिशातून गेलेले 1,17,000 वजा केले तर हाती राहिले 1,93,000. टोटल लॉस मंजूर झाला असता तर 7,20,000 मिळाले असते, त्यातून आधी बँकेचे कर्ज फिटले असते आणि उरलेल्या रकमेतून त्याला साधी गाडी घेता आली असती. प्रत्यक्षात गाडी विकून झाल्यावरही तो दीड वर्ष तिचे हप्ते भरत होता. पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे विनाशुल्क तक्रार करता येते हे आम्हाला कळले, तोपर्यंत एक वर्षाची मुदत उलटून गेली होती.

त्यामुळे दुरुस्ती परवडते का, या प्रश्नाला माझे उत्तर पाण्याच्या रेघेवर अवलंबून आहे. पाणी पायाखालच्या कार्पेटपर्यंत असेल तर विचार न करता दुरुस्त करावी. सीटपर्यंत असेल, चावी लावलेली नसेल आणि चार-पाच दिवसांत सगळे आतले सामान बाहेर काढणारा माणूस मिळत असेल, तरीही करावी, मात्र एअरबॅग असलेल्या गाडीत ते मोड्यूल नवे बसवण्याची रक्कम आधीच धरावी. डॅशबोर्ड बुडाला असेल तर, गाडी कितीही नवी असो आणि विमा कितीही चांगला असो, माझ्या मते दुरुस्तीच्या वाटेला जाऊ नये. अंदाजपत्रकातील प्रत्येक "तपासून ठरवू" समोर रक्कम लिहून मिळेपर्यंत सही करू नये आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागावी, ती मागण्याचा विमाधारकाला हक्क आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांबद्दल मला स्वतःचा अनुभव नाही. मिस्त्रींचे मत असे की तेथे गिअरबॉक्सचे तेल दुधाळ दिसले तर सीटची रेघसुद्धा डॅशबोर्डइतकीच वाईट समजावी.

टोटल लॉस स्वीकारणाऱ्यांनी आरटीओकडील काम विसरू नये. गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार 14 दिवसांत कळवावे लागते आणि आरसी परत करावी लागते. ते राहून गेले तर तीच गाडी भंगारातून उचलून कोणीतरी धुऊन विकते. जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी मिस्त्रींनी शिकवलेली एक तपासणी येथे देते. पुढचा सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढावा. गाद्या, कार्पेट, दिवे सगळे बदलले जाते, पण बेल्टचा गुंडाळलेला भाग बहुधा कोणी धूत नाही, आणि पूर आला असेल तर त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ राहते. भावाच्या गाडीच्या मागच्या बेल्टवर ती विकेपर्यंत होती.

सावर्ड्याकडील गॅरेजला मी पाचपैकी पाच गुण देते. सर्व्हिस सेंटरला दोन, तेही गर्दीच्या त्या आठवड्यांत राबलेल्या मुलांसाठी. माझी हॅचबॅक अजून दारात उभी आहे, आणि पावसाचा जोर वाढण्याचा इशारा आला की मी ती आदल्या संध्याकाळीच चढावरच्या शाळेच्या मैदानाजवळ नेऊन ठेवते.